वर्षभर एकच थीम घेऊन सहावी-सातवीला शिकवायचं तर नियोजन कुठनं सुरू करायचं?

सर, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुमच्याकडं सहावी-सातवीचा जोडवर्ग आहे, या वर्षी 'पाणी' ही एकच थीम धरून सगळे विषय शिकवायचेत, जून ते एप्रिलचा तक्ता पण तयार आहे आणि प्रत्येक विषयाच्या रकान्यात काही ना काही भरलंय, पण शाळेतली मंडळी म्हणतात पोर्शन मागं पडणार आणि तुम्हाला स्वतःलाही तो तक्ता ओढूनताणून केल्यासारखा वाटतोय. माझ्या मते पोर्शनची अडचण त्यामानानं छोटी आहे, तिच्याकडं नंतर येते. तक्ता ओढून केल्यासारखा का वाटतोय ते आधी बघू, कारण ते सुटलं की पोर्शनचं निम्मं आपोआप सुटतं.

'पाणी' हा विषय एवढा मोठा आहे की त्यात काहीही बसतं. मराठीत पावसाची कविता, गणितात बादलीचं उदाहरण, इंग्रजीत पाण्यावर दहा वाक्यं, चित्रकलेत धबधबा, झालं, रकाने भरले. पण गणितातल्या बादलीचा विज्ञानातल्या बाष्पीभवनाशी पोराच्या डोक्यात काही संबंध लागत नाही, त्याला फक्त एवढंच कळतं की यंदा सर सगळीकडं पाणी पाणी करतायत. म्हणून मी थीमला नाव देण्याच्या आधी एक प्रश्न ठरवते, आणि तो प्रश्न आपल्या गावचा असावा लागतो, पोरांना त्याचं उत्तर माहीत नसावं लागतं, आणि ते एकाच पुस्तकातनं मिळणारं नसावं लागतं. मग प्रत्येक धड्याला विचारायचं, हा धडा काढून टाकला तर आपल्या प्रश्नाचं उत्तर अडेल का? अडत असेल तर तो थीममध्ये. अडत नसेल तर तो नेहमीसारखा, नेहमीच्या तासाला, थीमचं लेबल न लावता शिकवायचा. हे एवढं एकदा मान्य केलं ना की मोकळं वाटतं बघा.

आता हे सगळं तुमच्या परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे हे आधीच सांगते. तुमच्याकडं सगळे विषय असतील तर हे सोपं, विषयवार शिक्षक असतील तर आधी एका सहकाऱ्याला सोबत घ्यायला लागतं, सगळ्यांना एकदम नाही. शिष्यवृत्तीचा वर्ग असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत थीमला फारसा वेळ मिळत नाही हे धरूनच चालायचं. आणि पुस्तकं बदलतायत, मी खाली जे धडे सांगते ते मी ज्या पुस्तकांवर हे काम केलं त्यातले आहेत, तुमच्या हातात जे पुस्तक असेल त्याची अनुक्रमणिका बघूनच ठरवा.

तुम्ही करवीर तालुक्यातले, नदीकाठचे, असं लिहिलंय. मग तुमच्यासाठी मी 'पाणी' सोडून आपली कोल्हापूरची नदी 'पंचगंगा' घेईन, आणि एका वर्षाला दोन प्रश्न. पहिल्या सत्राचा प्रश्न: नदीचं पाणी गावात का येतं? दुसऱ्या सत्राचा: तेच पाणी पावसाळ्यानंतर कुठं जातं आणि कुणाला मिळतं? असं का, तर आपल्या नदीचं वर्षच असं दोन भागात आहे. कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आपल्याकडचेच, नावच आपल्या गावाचं आहे, त्यांचे बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) पावसाळ्याच्या आधी काढतात आणि पाऊस सरला की परत घालून पाणी अडवतात. म्हणजे शाळेचं पहिलं सत्र आणि वाहती नदी, दुसरं सत्र आणि अडवलेली नदी, हे आपोआप जुळतं. बारा महिने एकच प्रश्न ताणला तर दिवाळीनंतर पोरं कंटाळतात, आपण पण कंटाळतो.

पहिलं सत्र जरा सविस्तर सांगते कारण सगळा पाया तिथं आहे. शाळा सुरू झाली की पहिल्या आठवड्यात बाटली कापून पर्जन्यमापक करायचा, तळ सपाट असलेली बाटली घ्या नाहीतर मोजमाप चुकतं. रोज सकाळी ठरलेल्या वेळेला दोन पोरं मोजणार. दुसरी जोडी पेपरमधनं पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी लिहून घेणार, आपल्या जिल्ह्यात पावसाळ्यात हा आकडा रोज छापून येतोच, पोरांच्या घरात पण तोच विषय चाललेला असतो. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी, हे आकडे आपल्याकडच्या पोरांना पाढ्यासारखे पाठ असतात. त्या दोन रेषा आलेखाच्या कागदावर पहिल्याच दिवशी लाल-पिवळ्या पेनानं मारून ठेवायच्या आणि रोज एक ठिपका.

इथं गणिताची खरी गंमत आहे. पातळी फूट-इंचात येते. ४१ फूट ७ इंच आलं की निम्मा वर्ग ते ४१.७ असं मांडतो. आपण लगेच दुरुस्त करायचं नाही. दोन-तीन दिवसांनी ४१ फूट ११ इंच येतं, आता हे ४१.११ लिहिलं तर ४१.७ पेक्षा कमी होतंय, आणि पाणी तर वाढलंय! तिथं वर्ग थांबतो. मग १२ इंचाचा फूट, ७ भागिले १२, म्हणजे ४१.५८, हे ती स्वतः काढतात. दशांश अपूर्णांक मी एरवीही शिकवते पण अशी गरज पडून शिकलेला दशांश पोरं विसरत नाहीत. यासाठी एक करायला लागतं, अपूर्णांक आणि दशांश हे दोन्ही धडे, आणि स्तंभालेख, पुढं आणून जुलैत घ्यायला लागतात. क्रम बदलला तर चालतो, पण अपूर्णांकाच्या आधी दशांश असं मात्र करू नका, गणितात मागचा दुवा तुटला की पुढचं सगळं लटकतं.

सातवीसाठी धरणाचे आकडे घ्या. भोगावतीवरच्या राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत, एका दरवाजातनं १,४२८ क्युसेक पाणी येतं असं बातम्यांत येतं. सातही उघडले तर किती? जवळजवळ दहा हजार. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, एक टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट. मग सात दरवाजे सलग किती वेळ उघडे राहिले तर एक टीएमसी पाणी जाईल? साधारण २८ तास येतं. गुणाकार-भागाकारच आहे, पण गावात मोठी माणसं ज्या आकड्यांवर बोलत असतात ते आकडे आता पोराला कळतात, संध्याकाळी घरी जाऊन ते आजोबांना समजावून सांगतं. राधानगरीचं काम शाहू महाराजांनी सुरू केलं हे २६ जूनला शाहू जयंतीला सांगितलेलं असलं की या गणिताला इतिहासाची पण बाजू मिळते, वेगळा कार्यक्रम करावा लागत नाही.

भूगोलात नकाशा. मोठ्या कागदावर, भिंतीवर, वर्षभर राहणारा. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या प्रयाग चिखलीजवळ एकत्र येऊन पंचगंगा होते, पाचवी सरस्वती गुप्त मानतात, आणि पुढं नरसोबावाडीला ती कृष्णेला मिळते. गगनबावड्यातला पाऊस आणि शिरोळातला पाऊस यांची वर्षाची सरासरी शेजारी शेजारी लिहा, दहा पटीच्या आसपास फरक आहे एकाच जिल्ह्यात. मग पोरांना विचारा, आपल्या गावात पाऊस उघडलेला असताना पाणी कसं चढतं? उत्तर नकाशावर असतं. आणि दुसरा प्रश्न, पाऊस थांबून चार दिवस झाले तरी पाणी उतरत का नाही? त्यासाठी ट्रेमध्ये माती थापून दोन ओहोळ करा, एक मोठा एक लहान, एकमेकांना मिळणारे, उतार अगदी कमी ठेवा. मोठ्यात भरपूर पाणी सोडलं की लहान्यातलं पाणी मागं तुंबतं. कृष्णा भरलेली असली की पंचगंगेचं तेच होतं. हे बघितल्यावर सहावीचा आपत्ती व्यवस्थापनाचा धडा दोन तासात होतो कारण पोरांकडं आधीच सांगण्यासारखं खूप असतं.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगते. २००५, २०१९, २०२१ हे पूर आपल्याकडं नुसत्या तारखा नाहीत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्याला पाणी ५५ फुटांच्या वर गेलेलं. चिखली, आंबेवाडी, शिरोळकडची गावं, इथल्या घराघरात जनावरं सोडून बाहेर पडल्याच्या आठवणी आहेत. त्यामुळं 'माझा पुराचा अनुभव' असा निबंध सक्तीनं देऊ नका. घरातल्या किंवा गल्लीतल्या मोठ्या माणसाची मुलाखत घ्या असं सांगा, ज्याला स्वतःचं लिहायचंय तो लिहील, ज्याला नको तो शेजारच्या आजींकडनं ऐकून येईल. मराठीचं मुलाखतलेखन होतं, शिवाय डोह, उतार, मळी, पाणवठा असे नदीकाठचे शब्द पोरांच्या वहीत येतात जे पुस्तकात फारसे नसतात. कुणाला काही सांगताना रडू आलं तर थीम तिथंच थांबवायची, त्या दिवशी दुसरं काहीतरी घ्यायचं.

गणपतीत विसर्जनाचा विषय येतोच. आपल्याकडं काहिलीत (गूळ करायच्या मोठ्या कढईत), कुंडात विसर्जन करायची पद्धत चांगली रुजलीय, निर्माल्य वेगळं गोळा करतात. वर्गात शाडूचा एक तुकडा आणि प्लास्टरचा एक तुकडा दोन बरण्यांत ठेवा, रोज बघून लिहा. बस. यावर भाषण नको, पोरं बरणीकडं बघून स्वतःच बोलतात.

दिवाळीनंतर दुसरा प्रश्न. बरगे घातले, पाणी अडलं, आता ते कुठं जातंय? आपल्याकडं उत्तर उसाकडं जातं. गुऱ्हाळ सुरू झालेलं असतं, भेट ठरवा. गुऱ्हाळाच्या भेटी बहुतेक शाळा करतात आणि पोरं रस पिऊन, गरम गूळ खाऊन परत येतात, छान आहे ते, पण भेटीच्या आधी वर्गात प्रश्न ठरवून गेलं तर फरक पडतो. एका आदणाला (काहिलीच्या एका खेपेला) ऊस किती, रस किती निघाला, गूळ किती झाला, जळण म्हणून चिपाडच वापरलं का, रसातली मळी काढायला भेंडी कधी घातली, गुळव्याला (गूळ शिजवणाऱ्याला) गूळ झाला हे कशावरनं कळतं. टनाला शंभर ते सव्वाशे किलो गूळ पडतो असं मालक सांगतात, म्हणजे शेकडा किती? शतमान, गुणोत्तर, नफा-तोटा हे सहावीचे तीन धडे मी डिसेंबरात याच्या मागंच लावते. रसातलं पाणी गेलं कुठं हे विज्ञानात. आणि मग परत मूळ प्रश्नावर यायचं, या उसाला वर्षभर पाणी किती वेळा पाजलं, कुठनं आणलं, पाळी कुणाची. हे शेतकरी पालक पोरांना आपल्यापेक्षा चांगलं सांगतात, एका पालकाला वर्गात बोलवा. ज्यांच्या घरी शेत नाही त्या पोरांनी घरच्या नळाचं शोधायचं, पाणी किती वाजता येतं, किती वेळ, पाणीपट्टी किती, टाकी कुठंय. नागरिकशास्त्रात ग्रामीण स्थानिक शासन संस्था हा धडा आहे, तो यालाच जोडायचा, सरपंचांना किंवा ग्रामसेवकांना प्रश्न विचारायला पोरं ग्रामपंचायतीत जातात, येऊन अर्ज लिहितात. आमच्या पोरांनी लिहिलेल्या अर्जावर पाणवठ्याजवळचा कचरा उचलला गेला होता, त्या अर्जाची भाषा तपासताना पोरांनी जेवढी काळजी घेतली तेवढी कुठल्याच निबंधाला घेतली नसेल.

सहावीचा इतिहास प्राचीन भारताचा आहे, तो पंचगंगेला कसा जोडायचा असं तुम्हाला वाटलं असेल, तुमच्या तक्त्यात तो रकाना 'नदीकाठच्या संस्कृती' म्हणून गेलाय. तेही चालेल, पण आपल्याकडं त्याहून जवळचं आहे. पंचगंगेच्या काठावर ब्रह्मपुरीची टेकडी आहे, १९४० च्या दशकात तिथं सातवाहन काळातली वस्ती सापडली आणि पोसायडन या समुद्रदेवाची ब्राँझची छोटी मूर्ती मिळाली, रोमन जगातनं आलेली. टाउन हॉलच्या म्युझियममध्ये हे बघायला मिळतं. समुद्राचा देव घाट चढून आपल्या नदीकाठावर का आला असेल? प्राचीन भारत आणि जग हा धडा त्या एका प्रश्नावर उभा राहतो. नदीकाठी वस्ती का, माल कुठल्या वाटेनं यायचा, घाट कुठले, सगळा नकाशा परत उघडायला लागतो. जायच्या आधी म्युझियम चालू आहे का, कोणतं दालन उघडं आहे ते फोन करून विचारा.

आता जे बसत नाही त्याबद्दल. पूर्णांक संख्या, भौमितिक रचना, बँक व सरळव्याज, चुंबक, हे मी कधीच थीममध्ये घालत नाही. इंग्रजीत नकाशाची नावं, मुलाखतीचे चार प्रश्न, प्रदर्शनाच्या पाट्या एवढं घेते, बाकी इंग्रजी पुस्तकाप्रमाणे. आणि काही गोष्टी एवढ्या चांगल्या असतात की त्या थीममध्ये नसल्या तरी सोडायच्या नाहीत. उदाहरणार्थ अंबाबाईचा किरणोत्सव. नोव्हेंबरात ९ ते ११ आणि मग ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी, मावळतीची किरणं गाभाऱ्यात येतात. सातवीला ऋतुनिर्मितीचा धडा असतो, पोरांना कॅलेंडर देऊन विचारा की या दोन तारखांच्या बरोबर मध्ये कोणता दिवस येतो. २१-२२ डिसेंबर येतो, वर्षातला सगळ्यात लहान दिवस. सूर्य दक्षिणेकडं जाताना एकदा त्याच जागी मावळतो आणि परत येताना एकदा. याचा पंचगंगेशी काही संबंध नाही आणि लावायचाही नाही, दोन तास वेगळे काढून घ्या.

पोर्शनचं बघू. मी एप्रिल-मेच्या सुट्टीत सगळ्या पुस्तकांच्या अनुक्रमणिका झेरॉक्स काढते, धड्यांच्या पट्ट्या कापते आणि तीन गठ्ठे करते: प्रश्नाला लागणारे, क्रम बदलला तर लागणारे, न लागणारे. न लागणारा गठ्ठा सगळ्यात मोठा होतो, साधारण निम्म्याच्या वर, आणि तो तसाच असायला हवा. सगळंच पहिल्या गठ्ठ्यात आलं असेल तर समजायचं कुठंतरी ओढलंय. मग वेळापत्रकात आठवड्यातनं दोन दिवस दुपारचे जोडतास थीमला आणि शनिवार मोजमाप, भेट, नकाशा यांना. उरलेले सगळे तास विषयाचे. थीममुळं वेळ वाचतो तो असा, की आलेख गणितात पण भूगोलात पण वेगवेगळा शिकवावा लागत नाही, पत्रलेखन आणि नागरिकशास्त्राचा उपक्रम एकच होतो. हा वाचलेला वेळ भेटींना जातो. हिशोब बरोबरीत सुटतो, फार काही शिल्लक राहत नाही, पण मागंही पडत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये पावसाच्या सुट्ट्या लागणार हे धरून त्या दोन महिन्यांत आठवडाभर मोकळा ठेवाच.

जोडवर्गात माहिती गोळा करणं एकत्र, आकडेमोड वेगळी. सहावी स्तंभालेख काढते, सातवी त्याच आकड्यांची सरासरी काढते. मोठी पोरं लहानांना शिकवतात हे बघायला छान वाटतं, पण दरवेळी सातवीच्याच दोन हुशार मुली सगळं लिहितायत असं होत नाही ना ते बघा, कामं दर पंधरवड्याला फिरवा.

नदीवर न्यायचं ते फक्त पाऊस संपल्यावर, दिवाळीनंतर, पालकांची लेखी संमती घेऊन, सोबत पुरेशी मोठी माणसं घेऊन, आणि पाण्यात उतरायचं नाही. बंधाऱ्याच्या कडेला शेवाळ असतं. पावसाळ्यात पातळी पेपरमधनं बघायची, काठावर जाऊन नाही, यात कसलीही सूट नको.

वाचणाऱ्या इतरांपैकी कुणाच्या गावाला नदी नसेल तर नदीचा हट्ट नको. हुपरीला चांदी आहे, इचलकरंजीला माग आहेत, गगनबावडा-राधानगरीकडं जंगल आहे, शहरात तालमी आणि खासबागचं कुस्ती मैदान आहे, पैलवानाचा खुराक, शरीर, शाहू महाराज सगळं येतं त्यात. कसोटी तीच, प्रश्न गावचा हवा आणि दोन-तीन विषयांशिवाय त्याचं उत्तर मिळू नये.

राहिलं मुख्याध्यापकांना काय दाखवायचं ते. थीमचा रंगीत तक्ता दाखवू नका, त्यांना त्यात जादा काम दिसतं. आकारिक मूल्यमापनाची, म्हणजे वर्षभराच्या वर्गकामाच्या गुणांची, नोंदवही दाखवा. सहावीला आकारिक आणि संकलित (सत्राच्या शेवटच्या परीक्षेचं) निम्मं-निम्मं, सातवीला ४० आणि ६०, आणि आकारिकमध्ये तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प ही साधनं आपल्याला वापरायचीच असतात. मुलाखत तोंडीकामात जाते, पर्जन्यमापक प्रात्यक्षिकात, ग्रामपंचायतीची भेट उपक्रमात, भिंतीवरचा नकाशा प्रकल्पात. कुठली नोंद कुठल्या विषयाच्या कुठल्या रकान्यात जाणार ते जूनमध्येच पेन्सिलनं लिहून न्या. सोबत गठ्ठ्यांची यादी, क्रम बदललेल्या धड्यांवर खूण करून, आणि प्रत्येक धडा कोणत्या महिन्यात संपणार ते. ही दोन कागदं बघितल्यावर आमच्याकडं तरी कुणी नाही म्हटलेलं नाही. तुमच्या गठ्ठ्यात गणिताचं काय काय कुठं पडलं ते इथं टाका, क्रमाचं आपण मिळून बघू.